भोंग्याचा ठसा

माझ्या लॅपटॉपवर आजही सात सॉफ्टवेअर पडून आहेत. त्यातली पाच उघडली की मुदत संपली म्हणून सांगतात आणि बंद होतात. सहावं उघडायला इतका वेळ घेतं, की तोवर माझी वाजवायची इच्छा मरते. सातव्यावर काम झालं, पण त्यात त्या सॉफ्टवेअरचं कौतुक फारसं नाही. सगळं सांगतो, फक्त जरा धीर धरा. माझ्याकडे तो नाही, म्हणून तुमच्याकडे मागतोय.

इलेक्ट्रिक गिटारला स्वतःचा असा आवाज जवळपास नसतोच. नुसती छेडली तर मेथीच्या जुडीचं रबर ताणून सोडावं तेवढंच ऐकू येतं. तिचा आवाज घडतो तो आवाज वाढवायच्या मशीनमध्ये, म्हणजे अ‍ॅम्पमध्ये आणि अ‍ॅम्पच्या पुढच्या स्पीकरमध्ये. आमच्या झरीसारख्या गावात, भिंतीला भिंत लागलेल्या घरात खरा अ‍ॅम्प लावायचा म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली दारात. म्हणून ही सॉफ्टवेअर. गिटारची वायर एका छोट्या डब्यात खोचायची, डबा लॅपटॉपला जोडायचा, की पडद्यावर विलायती अ‍ॅम्पचं चित्र येतं. माऊसनं त्याची बटणं फिरवायची आणि हेडफोन लावायचे. कानात अख्खं मैदान गाजत असतं आणि शेजारणीला खबरही नसते.

हा खटाटोप मी एकाच कारणासाठी मांडला होता. माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, मला गिटार वाजवताना एकदाही ऐकलं नव्हतं, आणि त्यांचे कान चालले होते.

परभणीला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा डावा कान पूर्ण गेलेला निघाला. उजव्याचा कागद बराच वेळ बघून डॉक्टरांनी विचारलं, "कर्कश आवाजाच्या ठिकाणी काम केलंय का यांनी?"

मी तोच प्रश्न अण्णांच्या उजव्या कानाशी ओरडून विचारला.

"न्हाई," अण्णा म्हणाले. "मी बँजो वाजवायचो."

डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, की उजव्या कानाचंही खरं नाही, यांना जे ऐकवायचं असेल ते लवकर ऐकवा. त्यांच्या मनात नातवंडांचे बोल वगैरे असावेत. माझ्या मनात गिटार आली, आणि परत येताना बसमध्ये मला एका जागी बसवेना.

अण्णांची बँजो पार्टी होती. बँजो म्हणजे आपल्याकडचा, लाकडी पेटीवर तारा आणि तारांवर टायपिंगच्या मशीनसारखी बटणं असलेला. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्यानं तार छेडायची. लग्न लागायच्या आधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. त्या परण्यापुढे एक हातगाडी चालायची. गाडीवर बॅटरी, आवाज वाढवायचं मशीन, दोन पत्र्याचे भोंगे, आणि दांडीला बांधलेल्या बँजोवर अण्णा. भोंग्याचं तोंड पुढे रस्त्याकडे असायचं, पण त्याचं बूड अण्णांच्या डाव्या कानाला टेकायचंच बाकी. कित्येक लग्नसराया तो भोंगा त्या कानाशी ओरडत राहिला.

सिनेमाची गाणी नंतर. सुरुवातीला अण्णांनी स्वतः बसवलेली एक चाल वाजायची. ती ऐकली की बायका पोरांना कडेवर घेऊन दारात येत. पुढे डीजे आला, पार्टी मोडली, बँजो माळ्यावर गेला. ती चाल कुणी टेप करून ठेवली नाही. मीही नाही.

मी कसली टेप करतोय? मला त्या आवाजाची लाज वाटायची. हे सरळच लिहून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं खोटं होईल. कॉलेजला परभणीत होतो, नवीनच गिटार हातात आली होती, चार मित्र होते. एका दुपारी आम्ही चहाच्या टपरीवर उभे असताना समोरून परण्या आला. बँजोवर अण्णा. एका मित्रानं कानात बोटं घातली आणि म्हणाला, "काय आवाज आहे राव, डबा फाटल्यासारखा!" सगळे हसले. मीही हसलो, सगळ्यांपेक्षा जास्त मोठ्यानं. तेवढ्यात अण्णांनी मान वर केली आणि आमची नजरानजर झाली. मला तोंड फिरवावं लागू नये म्हणून त्यांनीच आधी फिरवलं. घरी आल्यावर त्यांनी तो विषय काढला नाही, आणि मी त्यांच्यासमोर कधी गिटार काढली नाही. मित्रांना मी आयुष्यभर सांगत आलो की वडील शेती करतात. तेही करायचेच, म्हणून ते पचून गेलं.

तर आता ऐकवायचं होतं, आणि लवकर. मग मी काय केलं? सॉफ्टवेअर निवडायला बसलो.

पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये इतके अ‍ॅम्प होते की नुसती नावं वाचण्यात रविवार गेला. दुसऱ्याचा आवाज गोड, पण माझा लॅपटॉप ऑफिसातल्या माझ्यासारखाच: काम दिलं की आधी धापा टाकणार. तार आता छेडावी आणि आवाज क्षणभरानं यावा. जेवताना घास तोंडात आणि चव नंतर, असं किती वेळ जेवणार? तिसरं चकाचक चाललं, पण त्यातला प्रत्येक आवाज मला कुठल्या ना कुठल्या व्हिडिओतल्या दाढीवाल्या गोऱ्याचा वाटायचा. दोन आवाज शेजारी ठेवून ऐकायचे, पहिला बरा वाटायचा, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. परभणीला ऑफिसला जाताना बसमध्ये मी परीक्षणं बघायचो आणि संध्याकाळी येताना त्यांच्या उलट सांगणारी परीक्षणं बघायचो. गाणं म्हणाल तर एक ओळसुद्धा रेकॉर्ड झालेली नव्हती.

बायको दारातून बघत होती. एकदा म्हणाली, "मी दुकानात एवढ्या साड्या उलगडल्या तर तुमी चपला घालून बाहेर जाऊन उभे ऱ्हाता."

"हे वेगळं आहे," मी खेकसलो.

"वेगळं हायच. मी साडी घेऊन तरी येते."

तिच्यावर चिडायला मला एक मिनिट पुरलं. ती बरोबर बोलतेय हे पटायला मात्र बराच वेळ लागला.

मधूनमधून मी अण्णांना नमुने ऐकवायचो. ते ओसरीवर बाजेवर बसलेले असत. मी हेडफोन त्यांच्या उजव्या कानावर दाबून धरायचो आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसायचो. माझ्या स्वतःच्या रचनांचे तुकडे होते ते, मी फार मन लावून बसवलेले. मी वाजवलंय हे सांगायचो नाही. आधी आवडू द्यावं, मग सांगावं, असा माझा बेत.

पहिल्या खेपेला म्हणाले, "मच्छर बसल्यावानी गुणगुण यायलीय."

दुसऱ्या खेपेला आवाज खूप वाढवला. तेव्हा म्हणाले, "लांब कुठं तरी चक्की चालू हाय का?"

तिसऱ्या खेपेला त्यांनी हेडफोन काढून माझ्या हातात ठेवला आणि माझ्याकडे दयेनं बघितलं. "न्हाई येत रे बाबा," म्हणाले. "कामून बेजार व्हायलास? ऱ्हाऊ दे."

त्यांचं ते "ऱ्हाऊ दे" मला फार लागलं. मी आत जाऊन चौथं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. मग पाचवं. माझी खात्रीच होती की दोष आवाजात आहे आणि बरोबर आवाज कुठेतरी आहे, फक्त मला सापडत नाहीये. त्यात दिवस जात होते आणि अण्णांचा कान माझ्या निवडीसाठी थांबणार नव्हता. आधी ते दाराची कडी ऐकायचे, मग ती ऐकू येईना. टीव्हीचा आवाज इतका वाढला की शेजारच्यांनी बातम्या आमच्याच टीव्हीवर ऐकायला सुरुवात केली. डॉक्टरांनी दिलेलं कानाचं मशीन डबीत पडून होतं, कारण अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे त्यात फक्त भांडी ऐकू येत.

मग तो रविवार आला. सहाव्याचा नमुना घेऊन मी त्यांच्या कानाशी हेडफोन धरून उभा होतो. पूर्ण आवाज. माझ्या हातांना कंप जाणवत होता आणि अण्णांच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नव्हती. एकाएकी त्यांनी मान वर केली.

"भंगारवाला आला बग," म्हणाले. "ते मोडकं कूलर देऊन टाक."

मी हेडफोन काढून घेतला. गल्लीच्या पार टोकाला, वळणापलीकडे, भंगारवाल्याची गाडी होती. तिच्यावरच्या भोंग्यातून तेच ते टेप केलेलं वाजत होतं: डबा, पत्रा, लोखंड, प्लास्टिक. मला ते ऐकायला कान द्यावे लागत होते. अण्णांना बसल्या जागी आलं होतं.

आधी मला रागच आला. माझी गिटार ऐकू येत नाही आणि भंगारवाला येतो! मी रागारागात उंबऱ्यावर बसलो, आणि बसल्यावर डोक्यात उजेड पडायला लागला. भोंग्याला खर्ज नसतो, नाजूक टीपही नसते. मधलाच एक पट्टा असतो, पत्र्यातून रेटलेला. अण्णांच्या कानात तेवढाच पट्टा शिल्लक होता. बाकी सगळं भोंग्यानं नेलं होतं आणि जे ठेवलं होतं ते स्वतःपुरतं ठेवलं होतं. सहा सॉफ्टवेअरांत मिळून पाच-सहाशे आवाज मी तपासले असतील. ज्या आवाजाला मी टपरीवर हसलो होतो, तो त्यात कुठेच नव्हता.

ही सॉफ्टवेअर एक गोष्ट करू देतात. कुठल्याही स्पीकरचा ठसा घेता येतो. खालच्या सुरापासून वरच्या सुरापर्यंत चढत जाणारी एक लांब शिट्टी त्या स्पीकरमधून वाजवायची, ती माइकवर रेकॉर्ड करायची, आणि तो ठसा सॉफ्टवेअरमध्ये घालायचा. मग तुमची गिटार त्या स्पीकरमधून आल्यासारखी वाजते. लोक जगभरच्या नामी स्पीकरांचे ठसे जमवतात. पत्र्याच्या भोंग्याचा ठसा घ्यायची बुद्धी कुणाला झाली असेल असं मला वाटत नाही.

गावातला मंडपवाला अण्णांच्या पार्टीला भोंगे द्यायचा. त्याच्या गोडाऊनमध्ये खुर्च्यांच्या थप्पीमागे एक सापडला, आत कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं.

"कार्यक्रम काय हाय?" त्यानं विचारलं.

"कार्यक्रम न्हाई. याचा आवाज पाहिजे."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आवाज त्यातच हाय. घेऊन जा," म्हणाला, आणि मागचं जुनं मशीनही काढून दिलं.

गल्लीत हे करणं शक्यच नव्हतं आणि भिंतींचा घुमाराही नको होता, म्हणून सकाळी सगळं मोटारसायकलवर बांधून शेतात नेलं. कापूस उपटून झालेलं रान, चहूकडे मोकळं. भोंगा बांधावर ठेवला, बॅटरी जोडली, समोर माइक उभा केला आणि शिट्टी सोडली. पहिल्या वेळी वारं आलं. दुसऱ्या वेळी नेमकी टिटवी ओरडली. तिसऱ्या वेळी रस्त्यानं जाणारा एक ओळखीचा माणूस गाडी थांबवून ओरडला, "काय हो, इलेक्शन लागलं का काय?" आणि तोही रेकॉर्ड झाला. मी त्याला काय बोललो ते इथे लिहीत नाही. चौथ्या वेळी निर्मळ मिळालं.

सातवं सॉफ्टवेअर फुकटचं होतं, साधं, एका पडद्याचं. त्याला बाहेरचा ठसा चालायचा, माझ्या लॅपटॉपला ते झेपायचं, आणि आता मला त्याहून जास्त काही नको होतं. निवड मिनिटभरात झाली. इतके दिवस मी काय शोधत होतो ते आठवून मला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

वाजवायचं काय, हेही आता ठरलेलंच होतं. अण्णांची चाल. बोटांना ती कुणी शिकवली नव्हती, पण लहानपणी गाडीमागून चालून चालून आत बसली होती. मधे मी माझा एक छोटा तुकडा घातला. तेवढा माझा हक्क आहे असं वाटलं.

आमची वरची खोली पत्र्याची. पंख्याचा आवाज माइकशिवायसुद्धा कुठून तरी शिरतो अशी माझी समजूत, म्हणून पंखा बंद. मे महिन्याची दुपार, अंगाला धारा. चाल अर्ध्यात आली की तारा तापून उतरायच्या आणि शेवट बेसूर व्हायचा. सॉफ्टवेअरमधला सुराचा दिवा हिरवा दाखवायचा, मी वाजवायला लागलो की पाच मिनिटांत तांबडा. दोनदा झालं, तिसऱ्यांदा मी वैतागून दिव्याकडे बघणंच सोडलं आणि कानानं तारा किंचित चढ्या लावल्या. हे मला कुठून सुचलं याचा तेव्हा विचारही केला नाही. हात आपोआप गेला. संध्याकाळच्या आत चाल पूर्ण झाली. त्या सबंध उन्हाळ्यात मी पूर्ण केलेली ती पहिली गोष्ट.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी अण्णांची अंघोळ झाल्यावर मी ओसरीवर गेलो. बायको दळण निवडायला मुद्दाम तिथेच येऊन बसली. मी हेडफोन त्यांच्या उजव्या कानावर ठेवला. त्यांनी ऱ्हाऊ दे म्हणून हात वर केला आणि तो हात तसाच राहिला.

मग त्यांची डाव्या हाताची बोटं बाजेच्या कडेवर हलायला लागली. बटणं दाबल्यासारखी. बायकोनं सूप खाली ठेवलं.

"हे मी कवा वाजविलं?" अण्णांनी विचारलं. आपलं आपल्याला ऐकू येत नसल्यामुळे ते ओरडूनच बोलत. "कोन टेप केलतं हे?"

मी हेडफोन तसाच दाबून धरला.

"माझंच हाय," ते माझ्या बायकोला सांगायला लागले. "सूर चढा हाय बग. सावलीत चढा लावायचा, मंग उन्हात मारुतीपस्तोर उतरून बरोबर येतो. आमच्याइकडं दुसरं कोनी लावत नव्हतं असं."

तेव्हा कुठे मला कळलं की माझा हात तारांच्या खुंट्यांकडे कुणाचं बघून गेला होता. माझे डोळे भरून आले. आणि खरं सांगतो, त्याच वेळी मला सोडून द्यावंसंही वाटलं. त्यांचंच आहे असं समजू देत. टपरीवरच्या दुपारची फेड म्हणून हे पुरे आहे, वर आपलं नाव कशाला चिकटवायचं? मी बायकोला मानेनंच खुणावलं, बोलू नको. तिनं माझ्याकडे रागानं बघितलं.

तेवढ्यात माझा तुकडा आला. अण्णांची बोटं थांबली. कपाळाला आठी पडली. त्यांनी एक बोट वर केलं आणि संपेपर्यंत तसंच धरलं.

"हे माझं न्हाई," ते म्हणाले. "हे कोन वाजविलं?"

मी वाकून त्यांच्या कानावरचा हेडफोन बाजूला केला. "मी," म्हणालो.

"आं?"

"मी वाजवलं, अण्णा."

"कोन?"

मग मी ओरडलो. छातीत होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडलो. "मी! मी वाजवलंय अण्णा! सगळं मीच वाजवलंय! तुमची चाल हाय, तुमच्याच भोंग्यातून!" समोरच्या घरातली बाई धुणं टाकून बाहेर आली. नळावरच्या दोघी वळून बघायला लागल्या. अख्ख्या गल्लीला कळलं की मी बँजोवाल्याचा मुलगा आहे. त्यांना ते आधीपासून माहीत होतं. मी मात्र ते पहिल्यांदाच मोठ्यानं म्हणत होतो.

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. हसले नाहीत, रडले नाहीत, पाठीवर हात वगैरे ठेवला नाही. हेडफोन हातात घेऊन त्यांनी उलटासुलटा करून बघितला.

"मंग इतके दिवस काय करायलतास?" त्यांनी विचारलं.

हेडफोन त्यांनी स्वतःच पुन्हा उजव्या कानावर ठेवला, मला बोटानं खूण केली, आणि मी चाल पहिल्यापासून लावली.